तुरुंगातली दर्शनी हुंडी

इतवारीच्या सराफ्यात किंवा किराणा ओळीत एखाद्या जुन्या पेढीवर दुपारच्या शांत वेळी बसलात, तर हुंडीच्या गोष्टी अजून ऐकायला मिळतात. हुंडी दोन प्रकारची. दर्शनी हुंडी दाखवली की तिथल्या तिथे रक्कम मोजायची. मुदती हुंडीला ठरलेले दिवस भरावे लागतात. कागद तोच, अक्षर तेच, सहीही तीच. फरक एवढाच की पहिलीला ‘उद्या या’ म्हणायची सोय नाही. दर्शनी हुंडीला उद्या या म्हणणाऱ्या पेढीची पत संध्याकाळपर्यंत बाजारातून उठत असे.

कैद्यांच्या कायदेशीर हक्कांबद्दल गेल्या साठ वर्षांत आपल्याकडे जे लिहिलं गेलं, न्यायालयांनी जे सांगितलं आणि सरकारांनी जे मान्य केलं, ते एका बैठकीत वाचून काढलं की मला ही हुंडी आठवते. हक्क सगळे दर्शनी म्हणून लिहिलेले आहेत. वटतात मात्र मुदतीने, आणि ती मुदत कुठे लिहिलेली नसते.

इतवारीपासून नागपूरचं मध्यवर्ती कारागृह सहा-सात किलोमीटरवर असेल. वर्धा रोडवरून विमानतळाकडे जाताना, अजनीच्या अलीकडे-पलीकडे, झाडांमागे लांबच लांब भिंत लागते. १८६४ पासून ते तिथे आहे. विनोबा १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात या तुरुंगात होते, आणि बेचाळीसच्या आंदोलनातल्या शंकर महाले या नागपूरच्या कोवळ्या पोराला १९४३ मध्ये इथेच फाशी झाली. म्हणजे या शहराला तुरुंग परका नाही. तरी बोलण्यात तो कायम दुसऱ्याचाच असतो. ‘अंदर आहे’ असं आपण कुणाबद्दल तरी आवाज खाली करून म्हणतो आणि विषय बदलतो. आत गेलेल्याला ‘सरकारी पाहुणा’ म्हणण्याची आपली थट्टाही त्यातलीच. पाहुण्याला हवं तेव्हा जाता येतं, हे थट्टा करणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

आत असतं तरी कोण? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशभरात ५,७३,२२० बंदी होते. त्यांतले ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे बोलीभाषेत कच्चे कैदी. दर चार जणांत तिघांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नव्हता. देशातल्या तुरुंगांत शंभर जणांच्या जागेत सरासरी एकशे एकतीस माणसं होती, आणि नागपूरही या दाटीला अपवाद नाही. तेव्हा कैद्यांच्या हक्कांची चर्चा खुन्या-दरोडेखोरांपासून सुरू करणं हीच पहिली चूक. ती सुरू व्हायला हवी कच्च्या कैद्यापासून, ज्याला कायदा अजून निर्दोष मानतो आणि तुरुंग मात्र पक्क्याहून वाईट वागवतो. पक्क्याला काम मिळतं, कामाची मजुरी मिळते, रजा मिळते, सुटकेची तारीख तरी माहीत असते. कच्च्याला फक्त पुढची पेशी माहीत असते, आणि त्या दिवशी पोलिस पार्टी मिळाली नाही तर तीही हुकते.

या सगळ्या कायद्याच्या मुळाशी असलेलं तत्त्व साधं आहे. शिक्षा म्हणून माणसाचं स्वातंत्र्य काढून घेतलं जातं, तेवढंच. बाकीचं त्याचं त्याच्याकडे राहतं. अंगावर हात न पडण्याचा, औषधाचा, वकिलाचा, घरच्यांना भेटण्याचा, वाचण्या-लिहिण्याचा अधिकार फाटकाबाहेर जमा करून आत जायचं नसतं. कैद करण्यासाठी जे घेणं अटळ आहे ते सोडून आणखी काही घ्यायचं असेल, तर तो अधिकार कुठल्या कायद्याने दिला ते तुरुंगाने दाखवावं. संविधानाचा एकविसावा अनुच्छेद भिंतीपाशी थांबत नाही.

हे तत्त्व आपल्याकडे पहिल्यांदा ठसठशीतपणे उमटलं ते एका मराठी पुस्तकामुळे, आणि तेही अणुविज्ञानावरच्या. प्रभाकर संझगिरी हे कम्युनिस्ट कार्यकर्ते भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ नावाचं पुस्तक लिहिलं. लिहायला सरकारची परवानगी होती. पण १९६४ मध्ये हस्तलिखित छापण्यासाठी पत्नीकडे पाठवायची वेळ आली तेव्हा सरकार नाही म्हणालं. पुस्तकात आक्षेपार्ह काय होतं? काही नाही. अणू, त्याचं केंद्रक आणि त्याच्या भोवतीचा पसारा. सरकारचा युक्तिवाद असा, की स्थानबद्धाला नियमांनी जे दिलं तेवढंच त्याचं, आणि पुस्तक प्रसिद्ध करण्याचा अधिकार काही नियमांत दिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९६५ मध्ये हा हिशेब उलटा केला: नियमांनी जे काढून घेतलेलं नाही ते त्याचंच आहे. मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य आणि नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली गेली, याचा आपल्याला अभिमान असतो. पण तुरुंगात लिहिलेला कागद बाहेर येणं हा कृपेचा नव्हे, कायद्याचा प्रश्न आहे, हे ठरवायला अणूचं पुस्तक लागलं.

मग आणीबाणी आली. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर प्रकरणात सांगितलं, की स्थानबद्धाला न्यायालयाचं दार ठोठावताच येणार नाही. एकट्या न्या. हंसराज खन्नांनी वेगळा निकाल दिला. आणीबाणीच्या एकवीस महिन्यांत देशभरातल्या तुरुंगांनी एक नवाच वर्ग आत पाहिला: वकील, प्राध्यापक, संपादक, आमदार, संघाचे आणि समाजवादी चळवळीचे कार्यकर्ते. मला वाटतं, १९७७ नंतर न्यायालयाला कैदी एकाएकी दिसू लागला याचं निम्मं श्रेय या वर्गाला आहे. ज्यांनी जेलची डाळ स्वतः खाल्ली होती ते आता सत्तेत होते, वर्तमानपत्रांत होते, बारमध्ये होते. आणि न्यायालयाला स्वतःची एप्रिलमधली चूकही टोचत असणारच.

१९७८ चा ऑगस्ट महिना या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. एकाच महिन्यात तीन निकाल आले. पहिला महाराष्ट्राचा. माधव होसकोट हे सौराष्ट्र विद्यापीठात प्रपाठक होते. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या खोट्या पदव्या काढण्याच्या खटपटीत, मुंबईच्या एका ब्लॉकवाल्याकडे शिक्का बनवायला टाकून ते पकडले गेले. सत्र न्यायालयाने त्यांना न्यायालय उठेपर्यंतची नाममात्र कैद दिली. उच्च न्यायालयाने ती वाढवून तीन वर्षं सक्तमजुरी केली. आता अपील करायचं, तर निकालाची प्रत हवी. ती येरवड्याच्या अधीक्षकांमार्फत पाठवल्याचं दप्तर सांगत होतं. होसकोट म्हणत होते, माझ्या हातात पडलीच नाही. पोच म्हणून सही दाखवा, तर सही नाही. चार वर्षं अशीच गेली आणि अपिलाआधी शिक्षाच संपली.

न्या. कृष्ण अय्यर यांनी होसकोटांचं अपील फेटाळलं. माणूस दोषीच होता. पण फेटाळता फेटाळता त्यांनी दोन गोष्टी कायमच्या लिहून ठेवल्या. निकालाची प्रत कैद्याला फुकट आणि लगेच मिळाली पाहिजे, तुरुंगाने ती दिल्याची पोच घेतली पाहिजे. आणि ज्याची ऐपत नाही त्याला सरकारी खर्चाने वकील मिळाला पाहिजे. मला हा सबंध विषयातला सगळ्यात इतवारी-छाप निकाल वाटतो. त्यात मानवतेवर थोडं आहे आणि पोचपावतीवर पुष्कळ. माल पाठवला म्हणता, मग बिल्टी कुठे आहे? खोट्या शिक्क्यासाठी आत गेलेल्या माणसामुळे खऱ्या सहीची किंमत ठरली, ही त्यातली गंमत वेगळीच.

त्याच महिन्यात दिल्लीच्या तिहारमधला फाशीचा कैदी सुनील बत्रा याच्या अर्जावर एकांतवासाला, आणि त्याच निकालात दुसऱ्या एका कैद्याच्या अर्जावर पायातल्या कायमच्या बेड्यांना लगाम बसला. पुढे त्याच बत्राने, वॉर्डरने एका दुसऱ्याच कैद्याचे हाल केल्याबद्दल न्यायमूर्तींना पत्र लिहिलं, आणि साधं पत्रही याचिका म्हणून चालतं, असं ठरून गेलं. तिसरा निकाल मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या गवंड्याचा. त्याच्याकडे पुन्हा येऊच.

आता चौथा. पंधरा सप्टेंबर १९७८, न्यायालय तेच, न्यायमूर्ती वेगळे. देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात १९७२ च्या मार्चमध्ये एका आदिवासी मजूर मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचं हे प्रकरण. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी धरलं होतं. ठाण्यात, रात्री, वर्दीपुढे गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हे नागपूरला कळलं होतं. दिल्लीने अंगावर जखमा नाहीत म्हणून पोलिसांना सोडलं. ज्या इमारतीत दोन आठवड्यांपूर्वी बेड्यांवर निकाल दिला गेला, तिथेच हे घडलं. कैद्यांच्या हक्कांचा इतिहास सरळ चढण म्हणून सांगितला जातो तेव्हा ही तारीख गाळली जाते. पुढे १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीतला बलात्कार हा वेगळा गुन्हा ठरला आणि संमती नव्हती हे गृहीत धरण्याची तरतूद आली. इथेही सुरुवात पत्रानेच झाली.

पत्रकार शीला बारसे यांचंही तसंच. मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात त्या पंधरा स्त्री कैद्यांशी बोलल्या. पाच जणींनी पोलिस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र टाकलं. फेब्रुवारी १९८३ च्या निकालाने स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, त्यांवर महिला पोलिसांचा पहारा, चौकशीच्या वेळी महिला पोलिस हजर, अटकेची खबर कायदा सहाय्य समितीला, आणि दंडाधिकाऱ्याने समोर आलेल्याला ‘तुला मारहाण झाली का?’ असं विचारणं बंधनकारक केलं. हा प्रश्न आज बहुतेक न्यायालयांत इतक्या घाईने विचारला जातो, की उत्तराला जागाच उरत नाही. शेजारी तोच हवालदार उभा असतो आणि रात्री परत त्याच्याच ताब्यात जायचं असतं.

बिहारमधल्या रुदुल साहचं प्रकरणही १९८३ चंच. निर्दोष सुटल्यावर हा माणूस चौदा वर्षं तुरुंगात राहिला. भरपाई म्हणून मिळाले एकूण ३५,००० रुपये. रकमेपेक्षा तत्त्व मोठं होतं, असं वकील मंडळी सांगतात. खरं आहे. पण चौदा वर्षांनी भागून पाहिलं तर वर्षाला अडीच हजार रुपये पडतात, हेही खरं आहे.

इथपर्यंतचा हिशेब जमेचा. आता जामीन. सगळी हुंडी अडते ती इथे.

समजा, मस्कासाथेत पोती वाहणारा एक हमाल. मूळचा बालाघाटकडचा, इतवारी स्टेशनामागे भाड्याच्या खोलीत राहणारा. चोरीच्या मालाच्या प्रकरणात उचलला गेला. आठवड्याभरात जामीन झाला: वीस हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. घरच्यांना वाटतं, सुटला. तिथून खरी यातायात सुरू होते. जामीनदाराला ऐपतीचा दाखला हवा, घराच्या टॅक्सची पावती हवी, रेशन कार्ड, आधार हवं. दाखल्यासाठी तहसिलीत खेटे घालावे लागतात. हमालाच्या ओळखीतल्या कुणाच्या नावावर घर आहे? त्याचे सोबती त्याच्यासारखेच भाड्याच्या खोलीतले. शेठ माणूस भला असला तरी कोर्टाची पायरी शहाण्याने चढू नये, हे त्याला त्याच्या वडिलांनी शिकवलेलं असतं. मग कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन उभा राहणारा धंदेवाईक जामीनदार शोधला जातो. जो कायदेशीर हक्क फुकट होता त्याचा आता भाव ठरतो. तेवढे पैसे नसले, तर जामीन मिळालेला माणूस जामिनाच्या हुकुमासकट आतच राहतो.

मोतीराम गवंड्याचं हेच झालं होतं. दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ तयार झाला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून दंडाधिकाऱ्याने त्याला नाकारलं. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये फटकारलं: गरिबाकडून झेपणार नाही अशी रक्कम मागू नका, आणि आपल्याच देशातल्या दुसऱ्या जिल्ह्याचा माणूस परका समजू नका. पंचेचाळीस वर्षांनी, ३१ जानेवारी २०२३ रोजी, त्याच न्यायालयाला जवळपास तेच पुन्हा सांगावं लागलं. जामिनाचा हुकूम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगात पोचवा. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयाने स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करावा. स्थानिकच जामीनदार हवा असा हट्ट नको. केंद्राने गरीब बंद्यांसाठी योजनाही काढली. सुरुवातीला तिच्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि पक्क्याच्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत होती. पैसा आहे, योजना आहे, समिती आहे. पण अर्ज कुणी करायचा? ज्याला लिहिता येत नाही त्याने, की ज्याला वेळ नाही त्याने?

कागदाच्या वेगाचं आणखी एक उदाहरण मुंबईचं. आर्थर रोड तुरुंगाबाहेर जामिनाचे हुकूम टाकायची एक पेटी आहे. ती ठरल्या वेळी उघडते. ऑक्टोबर २०२१ मध्ये एका मोठ्या नटाच्या मुलाचा हुकूम संध्याकाळी साडेपाचच्या आत पेटीत पडला नाही आणि त्याला आणखी एक रात्र आत काढावी लागली. त्या रात्री वाहिन्यांमुळे देशाला ही पेटी कळली. ज्यांची नावं वाहिन्यांना ठाऊक नाहीत त्यांचे हुकूम ही पेटी रोजच चुकवतात. त्याच वर्षी जुलैमध्ये आग्ऱ्याच्या तुरुंगातले तेरा कैदी सर्वोच्च न्यायालयाने जामीन देऊनही सुटले नव्हते, कारण हुकूम टपालाने यायचा होता. तेव्हा सरन्यायाधीश रमणांनाही निरोप नेणाऱ्या कबुतरांची आठवण झाली होती. नंतर ‘फास्टर’ नावाची संगणकीय व्यवस्था आली. चांगली आहे. पण ऐपतीच्या दाखल्याची यातायात तिने कमी होत नाही.

आणि कागद धावू शकतो, हे नागपूरने दोनदा पाहिलं आहे.

तीस जुलै २०१५. मुंबई बाँबस्फोट खटल्यातल्या याकूब मेमनची फाशी नागपूरच्या तुरुंगात सकाळी सातच्या सुमारास ठरलेली. आदल्या रात्री राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. शत्रुघ्न चौहान प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं होतं, की दयेचा अर्ज फेटाळल्याचं कळवणं आणि फाशी यांत चौदा दिवसांचं अंतर हवं. त्या आधारावर वकील रात्रीच न्यायालयात गेले आणि पहाटे तीननंतर सुनावणी सुरू झाली. आधीचा दयेचा अर्ज आणि त्याचा निकाल मेमनला वर्षापूर्वीच माहीत होता, म्हणून नव्या चौदा दिवसांचा प्रश्न येत नाही, असं म्हणून तिघा न्यायमूर्तींनी मागणी नाकारली. दोनेक तासांनी फाशी झाली. निकाल पटो न पटो, देशातल्या सर्वांत नकोशा कैद्यासाठी सर्वोच्च न्यायालय पहाटे उघडलं, ही गोष्ट राहतेच. त्या तिघांतले एक, न्या. अमिताव रॉय, निवृत्तीनंतर २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने नेमलेल्या तुरुंग सुधारणा समितीचे अध्यक्ष झाले.

दुसरी वेळ जी. एन. साईबाबांची. दिल्ली विद्यापीठातले इंग्रजीचे प्राध्यापक, नव्वद टक्के अपंग, चाकाच्या खुर्चीवर. माओवाद्यांशी संबंधांच्या खटल्यात गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये जन्मठेप दिली आणि ते नागपूरच्या अंडा सेलमध्ये आले. १४ ऑक्टोबर २०२२ ला नागपूर खंडपीठाने त्यांना सोडलं. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाने खास बसून त्या निकालाला स्थगिती दिली. घरी नजरकैदेत ठेवा, ही विनंतीही मान्य झाली नाही. पुढे प्रकरण परत नागपूरला आलं आणि ५ मार्च २०२४ ला खंडपीठाच्या दुसऱ्या न्यायमूर्तींनीही त्यांना निर्दोष ठरवलं. त्याच खटल्यातला पांडू नरोटे हा आदिवासी तरुण तोवर थांबू शकला नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये, पहिल्या सुटकेच्या दोन महिने आधी, स्वाइन फ्लूने तो कैदेतच गेला. साईबाबा सुटल्यावर सात महिन्यांनी, १२ ऑक्टोबर २०२४ ला हैदराबादेत वारले.

साईबाबांच्या राजकारणाशी तुमचं जमो अथवा न जमो, त्यांच्या निमित्ताने रजेचा प्रश्न लख्ख दिसतो. महाराष्ट्रात १९५९ च्या नियमांनुसार पक्क्या कैद्याला दोन प्रकारच्या रजा असतात. संचित रजा म्हणजे फर्लो, चांगल्या वागणुकीने साठवलेली, आणि ती शिक्षेतच मोजली जाते. अभिवचन रजा म्हणजे पॅरोल, घरात मृत्यू, आजार असं काही घडलं तर मिळणारी. ती शिक्षेत धरत नाहीत. संचित रजा हा कायदेशीर हक्क नाही, असं नियमांतच लिहिलंय. तरीही ती मनमानीने नाकारता येत नाही, आणि नागपूर खंडपीठापुढे येणारे कैद्यांचे कितीतरी अर्ज याच दोन वाक्यांच्या फटीतून येतात. साईबाबांची आई कर्करोगाने आजारी होती. तिला भेटायला रजा मिळाली नाही. १ ऑगस्ट २०२० ला ती गेली. नंतरच्या विधींसाठीही मिळाली नाही. याच तुरुंगातून मुंबईचा डॉन अरुण गवळी वर्षानुवर्षं रजेवर मुंबईला जात-येत होता. तो नियमात बसत होता, म्हणून त्यात गैर काही नाही. नियम गुन्ह्याच्या जातीवर चालतो. आईच्या आजारावर चालत नाही, एवढंच.

सगळं काळंच आहे असं नाही. राज्यातल्या तुरुंगांत, नागपूरलाही, ‘गळाभेट’ होते. एरवी काचेपलीकडून किंवा जाळीतून दिसणाऱ्या बापाच्या मांडीवर त्या दिवशी पोरांना बसता येतं. सहा वर्षांपर्यंतची मुलं आईबरोबर तुरुंगात राहू शकतात, आणि त्यांना कैदी समजायचं नाही, हेही २००६ मध्ये ठरलेलं आहे. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ औंधच्या राजांनी १९३९ मध्ये स्वतंत्रपूर ही भिंत नसलेली वसाहत काढली. शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’ची प्रेरणा तीच. अमरावती जिल्ह्यात मोर्शीला खुलं कारागृह आहे. म्हणजे करायचं ठरवलं तर जमतं, याला पुरावा परदेशातून आणायला नको.

मतदानाचं थोडक्यात: तुरुंगातून निवडणूक लढवता येते, पण कच्च्या कैद्यालाही मत देता येत नाही. याचं पटेल असं समर्थन मी अजून वाचलेलं नाही.

जातीबद्दल मात्र थांबावं लागेल. तुरुंगांचा मूळ कायदा १८९४ चा, आणि त्याखालच्या अनेक राज्यांच्या नियमपुस्तिकांत कुठल्या जातीने स्वयंपाक करायचा आणि कुठल्या जातीने संडास झाडायचे, हे स्वातंत्र्यानंतरही छापलेलं राहिलं. भटक्या-विमुक्तांना तर सवयीचे गुन्हेगार म्हणून वेगळं काढण्याची सोय होती. १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण भिंतीआड त्याला ते कुणी कळवलंच नाही. विदर्भात पारधी तांड्यावरचं पोरगं संशयावरून उचललं जातं तेव्हा ही जुनी ओळ अजून काम करत असते. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी यावर लिहिलं, मग याचिका केली, आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने हे सगळे नियम आणि तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना रद्द केला. त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात महाराष्ट्राचं नवं कारागृह विधेयक आलं. १८९४ चा कायदा बदलायला एकशे तीस वर्षं लागली, ही मुदती हुंडीही लांबच म्हणायची.

आक्षेप मला माहीत आहे. ज्यांनी दुसऱ्यांचं आयुष्य मातीत घातलं त्यांच्या हक्कांचं एवढं कौतुक कशाला? नागपुरात याला उत्तर देताना १३ ऑगस्ट २००४ विसरता येत नाही. त्या दिवशी कस्तुरबानगरच्या बायकांच्या जमावाने वस्तीला छळणाऱ्या अक्कू यादव या गुंडाला जिल्हा न्यायालयाच्या आत, पोलिसांच्या ताब्यात असताना ठार केलं. शहरातल्या पुष्कळांनी मनातल्या मनात ‘बरं झालं’ म्हटलं. पण त्या बायकांचं वर्षानुवर्षांचं म्हणणं काय होतं? तक्रार द्यायला गेलं की घेत नाहीत. त्यांचा कागदही कुणी घेत नव्हता. ज्या ठाण्यात गरीब बाईची फिर्याद टेबलावरून पुढे सरकत नाही, त्याच ठाण्यात गरीब कैद्याच्या अटकेची कारणं लिहिली जात नाहीत. मला ही एकच खिडकी वाटते, दोन बाजूंनी बंद केलेली.

अटकेच्या कारणांबद्दल नोव्हेंबर २०२५ मध्ये, मुंबईच्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं: गुन्हा कोणताही असो, कारणं लेखी द्यायची, आणि अटक झालेल्याला कळेल अशा भाषेत. गडचिरोलीहून नागपूरच्या तुरुंगात येणाऱ्यांत गोंडी आणि माडिया बोलणारे असतात. शासकीय मराठी तर इतवारीतल्या मॅट्रिक झालेल्यालाही धड कळत नाही. तेव्हा हा कागद माडियात कोण लिहिणार, हे पाहायला हवं.

आपल्या हमालाकडे परत येतो. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं ४७९ वं कलम त्याच्या कामाचं आहे. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला जातमुचलक्यावर सोडायचं. इतरांना निम्मा काळ. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळलेत. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे जुन्या खटल्यांनाही लागू केलं. यातली सगळ्यात चांगली गोष्ट ही, की मुदत भरली की अर्ज करण्याचं काम अधीक्षकावर टाकलंय. कैद्याने आठवण करून द्यायला नको. आणि सगळ्यात वाईट गोष्ट त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात: एकाहून जास्त गुन्हे प्रलंबित असतील तर ही सवलत नाही. इतवारीत गाडीवरून दोन पोती पडली तरी पोलिसांना आधी जुनाच हमाल आठवतो. त्याच्यावर दुसरा गुन्हा लागायला कितीसा वेळ?

त्याचा सोबती परवा तहसिलीत जाऊन आला. घर सासऱ्याच्या नावावर आहे, सासरा रामटेकला असतो, टॅक्सची पावती दोन वर्षं जुनी. बाबूने सांगितलं, सोमवारी या. सोमवारी बाजारात तुरीची आवक असते आणि एका हमालाची रोजी बुडते. तो सोमवारी गेला की नाही यावर सगळं अडून आहे.